ऑस्करचे घर
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात ‘माझ्या कल्पनेतील घर’ या विषयावर केलेले भाषण)



माझ्याआधी बोललेल्या भगिनींनी कल्पनेत ऐसपैस स्वयंपाकघरे बांधली, देवघरे बांधली. एकीने तर गच्चीवर जुईचा मांडवही घातला. माझ्या कल्पनेतले घर मात्र माणसाचे नाही, माशाचे आहे. हसा खुशाल! आपली चाळ पाडून नवी इमारत व्हायची आहे आणि घरोघरी नकाशे पसरलेले आहेत. त्यात बैठकीच्या खोलीतली सहा फूट भिंत मी मागून घेतली आहे. ती कपाटासाठी नाही की टीव्हीसाठी नाही. ती आहे ऑस्कर नावाच्या माशासाठी.

ही हौस जुनी आहे. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले. शाळेत असताना तिथल्या काचेला नाक लावून मी उभी राहत असे, आणि मागची माणसे पुढे ढकलत असत.

ऑस्कर हा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, गोड्या पाण्यातला मासा. अंग काळपट, त्यावर निखाऱ्यासारखे डाग, आणि शेपटीपाशी नारिंगी कड्यातला काळा ठिपका, हुबेहूब डोळ्यासारखा. शेपूट कुरतडायला येणारे मासे त्या खोट्या डोळ्याला फसत असावेत, असे अभ्यासकांना वाटते. अगासी नावाच्या शास्त्रज्ञाने १८३१ साली त्याचे वर्णन केले, ते समुद्रातला मासा समजून! दुकानात मिळतो तेव्हा तो बोटाएवढा असतो. वर्षभरात फूटभर होऊ लागतो. खाऊ घालणाऱ्याला ओळखून काचेशी येतो. आपण हौसेने दगड मांडावेत, वनस्पती लावाव्यात, आणि त्याने तोंडाने दगड हलवून ती रोपे उपटून टाकावीत! नातवंडे वाढवलेल्या बाईला याचे नवल वाटायचे कारण नाही. म्हणून माझ्या टाकीत शिंपल्यांचे महाल नाहीत. तळाला वाळू, चार मोठे गुळगुळीत गोटे, एक ओंडका. आणि वर भक्कम झाकण, कारण हा उडी मारतो.

टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. रुंदी दोन फूट का, तर फूटभर माशाला अंग न घासता वळता आले पाहिजे. आपण दिवाणखान्याला शोभेल एवढी टाकी आणतो आणि मासा तिच्यात बसवतो; मला ते पटत नाही. आता हिशेब ऐका. एवढ्या टाकीत पाणी मावते सुमारे ६८० लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन ६८० किलो. काच, वाळू, गोटे, घडवंची धरून मजल टनाच्या आसपास जाते. राहत्या घराची जमीन साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबाने धरतात, आणि माझी टाकी एका चौरस मीटरहून जेमतेम थोडी अधिक जागा व्यापणार. तेव्हा हे इमारत उभी राहिल्यावर सांगून चालत नाही. तुळई कुठून जाते, टाकी कोणत्या भिंतीशी येईल, हे इंजिनीयरांना आजच विचारले पाहिजे.

माशाच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, तो त्यालाच विषासारखा. गाळणीच्या स्पंजात सूक्ष्म जिवाणू वाढतात आणि त्या अमोनियाचे सौम्य रूपांतर करतात. विरजणासारखेच हे, फक्त दही रात्रीत लागते आणि याला महिना-दीड महिना लागतो. तोवर मासा आणायची घाई करायची नाही.

एवढे करूनही आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे लागते. म्हणजे १७० लिटर. पंधरा लिटरच्या अकरा-बारा बादल्या. त्या कोण उचलणार? घरात हौस कोणाचीही असो, बादली कोणाच्या हातात येते हे तुम्हाला मी सांगायला नको. माझे चिरंजीव म्हणाले, “आई, तुला झेपायचे नाही.” खरे आहे, अडुसष्टाव्या वर्षी नाहीच झेपायचे. म्हणून मी नकाशात गॅलरीकडे एक नळी आणि निचऱ्याचे एक भोक काढले. जुने पाणी नळीने कुंड्यांना जाईल. झाडांना ते खतच. नळाचे ताजे पाणी दिवसभर पिंपात उघडे ठेवले की क्लोरीन उडून जाईल.

याहून मोठ्या माशाचे स्वप्न मी पाहत नाही. ‘शार्क’ म्हणून दुकानात बोटभर पिल्ले विकतात, ती पंगास माशाची. तो वाढला तर मीटरभराच्या वर जातो. असे मासे घरात मावेनासे झाले की लोक तळ्यात सोडून देतात. २०२३ साली काश्मीरच्या दल सरोवरात अमेरिकेतला सुसरीच्या तोंडाचा मासा सापडला. तो काही पोहत आला नव्हता. उपऱ्या माशांचा त्रास मग तिथल्या माशांना आणि कोळ्यांना.

एक गोष्ट मात्र नकाशात काढता येत नाही. ऑस्कर दहा-बारा वर्षे, क्वचित त्याहून अधिक जगतो. माझ्या वयात एवढी मुदत हातात धरून चालता येत नाही. म्हणून थोरल्या नातीला विचारले आहे, माझ्यामागे त्याला सांभाळशील का? ती लगेच ‘हो’ म्हणाली नाही, याचा मला आनंदच झाला. परीक्षा झाल्यावर सांगते म्हणाली आहे. तिचा होकार आला तर मासा आणायचा. नाही आला तर त्या भिंतीशी पुस्तके येतील.

येत्या रविवारी इंजिनीयर चाळीत येणार आहेत. गॅलरीकडे निचऱ्याचे भोक आणखी कोणाला हवे असेल, कपडे वाळत घालायला असो की कुंड्यांना, तर शनिवारपर्यंत माझ्याकडे नाव द्या. मी यादी घेऊन जाणार आहे.