लंगड्या घोडीला डाग देऊ नका



आज घोड्याविषयी चार शब्द बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, "माधवनगरात आता घोडा कुठं राहिला?" खरे आहे. एके काळी सांगली-मिरजेकडे टांगे धावत. आता रिक्षा आल्या. पण वरातीला घोडा लागतोच. आणि रानोमाळ फिरणाऱ्या धनगरदादांचे बिऱ्हाड आजही घोडीच्या पाठीवर चालते. घोडी लंगडली की बिऱ्हाड अडते.

समजा, घोडीच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली सूज आली. लगेच कोणी तरी म्हणतो, "विळा तापवा, डाग द्या!" थांबा मंडळी. आधी पायात काय झाले ते समजून घ्या.

घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसते. तिथे हाड असते आणि दोरीसारख्या जाड शिरा असतात. धावताना त्यांच्यावर सारा भार येतो. झिजलेल्या दोरीचे धागे तुटतात, तसे या शिरेचे धागे तुटतात. तिथे रक्त कमी पोचते. म्हणून शीर सावकाश सांधते. महिनेच्या महिने लागतात.

दुखणे आत आणि चटका कातडीला! रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातली ही गत. इंग्लंडात यावर मोठा अभ्यास झाला. १९८३ साली त्याचा अहवाल निघाला. डाग देऊन शीर बरी होत नाही, असेच त्यात दिसले.

मग करावे काय?

पहिले, खूर उचलून पाहा. खिळा किंवा काटा रुतला असेल तर डॉक्टरांना लगेच बोलवा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. त्याची लस आधीच टोचून ठेवावी.

दुसरे, सुजेवर थंड पाणी सोडा. पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. पहिले दोन-तीन दिवस शेकू नका, चोळू नका. घोडीला उभी विश्रांती द्या.

तिसरे, सूज उतरली की डॉक्टरांच्या सल्ल्याने हाताने धरून सपाट जमिनीवर चालवा. आधी थोडा वेळ, मग आठवड्या-आठवड्याने वाढवा. हलक्या हाताने मालीश करा. पाय हळूच वाकवा, हळूच सोडा. यालाच फिजिओथेरपी म्हणतात. माणसाचा मोडलेला हात असाच वळणावर आणतात ना?

आणखी एक उपचार आहे, अॅक्युपंक्चर. तो मूळचा चीनचा. केसासारख्या बारीक सुया ठरलेल्या जागी टोचतात. त्याने काही घोड्यांचे दुखणे हलके होते, असे डॉक्टर सांगतात. पण तुटलेले हाड सुईने जुळत नाही. हे काम शिकलेल्या डॉक्टरांचेच. दाभण घेऊन घरी प्रयोग करू नका!

तुम्ही म्हणाल, "घोडी बसवून ठेवली तर आमचं ओझं कोण वाहील?" अडचण खरी आहे. ओझे दुसऱ्या जनावरांवर वाटा. सोयऱ्याची घोडी चार दिवस मागून आणा. पण शीर सांधण्याआधी ओझे लादले, तर ती पुन्हा तुटते. मग चार महिन्यांचे दुखणे जन्माचे होते.

जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात जा. नाही तर १९६२ या नंबरवर फोन करा. विळा मात्र गवत कापायलाच ठेवा.

रामराम!