आपल्या घरांतील सही-शिक्क्याचे कागद
(शाळेंतील पालकसभेंत केलेल्या भाषणाचा सारांश)



पुढाऱ्यांच्या सहीचे कागद जमविणें हा श्रीमंतांचा छंद, आम्हां कुणब्या-सुतारांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल. पण कागद नसला म्हणजे काय होतें, हें आपल्या वाडवडिलांनीं भोगलेलें आहे. सन १८५२ चा अकरावा कायदा झाला आणि इनाम कमिशनानें सनदा मागितल्या. ज्यांस हक्क शाबीत करतां आला नाहीं, त्यांचीं इनामें गेलीं.

उलट पाहा. छत्रपति शाहू महाराजांनीं २६ जुलै १९०२ रोजीं मागासलेल्या वर्गांसाठीं नोकऱ्यांत शेंकडा ५० जागा राखून ठेवल्या. तो हुकूम करवीर गॅझेटांत छापलेला आहे, म्हणून आज तो कोणास नाकारतां येत नाहीं.

सही कोणाची आहे हें जितकें महत्त्वाचें, तितकेंच ती कोणाची नाहीं हेंही. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणें करारावर डॉ. आंबेडकरांची सही आहे, पंडित मालवीयांची आहे. पण ज्यांच्या उपोषणामुळें तो करार झाला, त्या गांधीजींची नाहीं. हें कागद पाहिल्यावांचून कसें कळावें?

शिवकाळांतील व पेशवाईंतील कागदांवर मात्र सही शोधूं नका. कारकून मोडींत मजकूर लिही, माथ्यावर शिक्का उठे व शेवटीं मोर्तब होई. सही नाहीं म्हणून कागद खोटा, असें समजून तो चुलींत घालूं नका.

आतां आमच्याच घरची चूक सांगतों. आमच्या आज्यानें वस्तीवर शाळा मिळावी म्हणून एका मोठ्या पुढाऱ्यास अर्ज केला होता. त्याचें सहीनिशीं आलेलें उत्तर पेटींत होतें. आम्ही ट्रेनिंग कॉलेजांत असतांना एक संग्राहक घरीं आला, शंभर रुपये हातावर ठेवले व खालची सही तेवढी कातरून घेऊन गेला. उरलेला कागद रद्दींत गेला. सही त्याच्या वहींत राहिली, पण आमच्या आज्याची खटपट पुसली गेली. आज गांवांत शाळेचें श्रेय भलतेच लोक घेतात, आणि आम्हांस दाखवावयास एक चिटोरेंही नाहीं.

म्हणून सांगणें इतकेंच. सही कातरूं देऊं नका. मजकुरावांचून सही म्हणजे धडावांचून मुंडकें. फाटक्या कागदास चिकटपट्टी लावूं नका, प्लॅस्टिकांत चिकटवूं नका. स्वच्छ सुती फडक्यांत बांधून ओल व वाळवी यांपासून दूर ठेवा. कोणाच्या घरचा, कोठें सांपडला, हें वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. मोडी वाचतां येत नसेल तर पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, सरकारी पुराभिलेखागारें आहेत, तेथें विचारा. पंचाहत्तर वर्षांहून जुना ऐतिहासिक कागद परदेशीं विकूं पाहणें हा १९७२ च्या कायद्यानें गुन्हा आहे, हेंही ध्यानांत असूं द्या. आणि देशांत कोणी विकत मागितला, तर आधीं संपूर्ण कागदाची नक्कल घरांत ठेवा.

येत्या रविवारीं ज्यानें त्यानें आपली पेटी उघडावी. जें निघेल तें शाळेच्या पडवींत आणावें. सर्वांसमक्ष वाचूं, नक्कल करूं व मूळ कागद ज्याचा त्यास तेथल्या तेथें परत करूं. आपल्या बापजाद्यांनीं काय मागितलें आणि काय मिळविलें, तें आपल्या पोरांनीं दुसऱ्याच्या तोंडून कां ऐकावें?