कंबरदुखी आणि थरथरणारे यंत्र

मंडळी, रोवणी आली की आपल्या भंडारा जिल्ह्यात बायामाणसं दिवसभर बांधीच्या चिखलात वाकून असतात. मग कंबर धरते. बाजारात थरथरणारी यंत्रे मिळतात. यंत्र लावले की आखडलेले अंग सैल होते, बरे वाटते. पण तो आराम थोडा वेळच टिकतो. आणि गंमत पाहा, ट्रॅक्टरवर बसून वर्षानुवर्षे हादरे खाल्ले तर तीच कंबर दुखू लागते! तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली व्यायाम सांगितला. कंबरपट्टा नको म्हटले. म्हणून आम्ही म्हणतो, यंत्रासाठी उसनवारी करू नका. हिंडते-फिरते राहा. मात्र पायातले बळ गेले किंवा लघवी अडली, तर यंत्र लावत बसू नका. त्याच दिवशी भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय गाठा.