मधुमेहाची संयुक्त गोळी आणि आपले तप

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा विश्वस्तांनी मला केली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन वडिलांच्या कापड दुकानाच्या गादीवर बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. परंतु गेली अनेक वर्षे मी मधुमेहाचा रुग्ण आहे आणि माझ्या अज्ञानाची किंमत मी एकदा याच स्थानकात, आपल्या सर्वांच्या देखत मोजली आहे. तो अनुभव आपणापुढे ठेवणे एवढाच माझा अधिकार.

सन २०१७ च्या पर्युषणातील संवत्सरीचा तो दिवस. मी तिविहार उपवासाचे पच्चक्खाण घेतले होते. उपवास मोडू नये आणि औषधही चुकू नये, असा माझा दुहेरी आग्रह. म्हणून औषधाचा आगार ठेवून मी सकाळी नित्याची गोळी उकळलेल्या पाण्याबरोबर घेतली. हिशेबाच्या वहीत जमा आणि नावे दोन्ही बाजू जुळल्याचे समाधान मला वाटले. दुपारी बाराच्या सुमारास प्रवचन ऐकताना हातांना कंप सुटला, अंग घामाने भिजले, शब्द ऐकू येत परंतु अर्थ लागेना. शेजारचे बंधू म्हणाले, ‘तपाची ग्लानी आहे, वारा घाला.’ दोष त्यांचा नाही. मलाही तसेच वाटले होते. सुदैवाने औषध दुकान चालविणारा एक तरुण मागील रांगेत होता. त्याने साखर तपासण्याचे यंत्र आणवून बोट टोचले. आकडा आला ४६. निरोगी माणसाची साखरही उपाशीपोटी साधारण ७० च्या वर असते.

कोणी साखरेचे पाणी पुढे केले. मी मान हलवून नकार दिला, कारण पच्चक्खाण होते. तेव्हा पाटावरील साध्वीजींनी शांतपणे आठवण करून दिली, की पच्चक्खाणाच्या पाठातच सर्वसमाधीचा आगार सांगितलेला आहे. तीव्र पीडेत समाधी टिकविण्यासाठी घेतलेल्या औषधाने व्रतभंग होत नाही. मी ते पाणी घेतले. तरीही दहा-पंधरा मिनिटांत फारसा उतार पडला नाही. त्या तरुणाने माझ्या खिशातील गोळ्यांचे पाकीट पाहिले आणि धावत जाऊन ग्लुकोजची पूड आणली. ती पोटात गेल्यावर मी सावरलो. नंतर रुग्णालयात दुसऱ्या दिवसापर्यंत मला देखरेखीखाली ठेवण्यात आले.

साखरेने काम का केले नाही आणि ग्लुकोजने का केले? शुद्धीवर आल्यावर मला पडलेला हा प्रश्नच आजच्या भाषणाचा गाभा आहे. उत्तर त्या पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेले होते. मी जिला ‘एक गोळी’ म्हणत होतो, तिच्यात तीन औषधे होती : ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज.

बंधुभगिनींनो, माझ्या व्यवसायातील एक दृष्टांत देतो. ग्राहक कापडाचा रंग पाहतो, पोत पाहतो. जाणता व्यापारी प्रथम ताग्याची किनार पाहतो. ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के सूत, असे टेरीकॉटच्या किनारीवर छापलेले असते. अशा मिश्र कापडाला सुताच्या हिशेबाने कडक इस्त्री फिरविली तर पॉलिएस्टर वितळते. म्हणून आमच्या धंद्यातील नियम असा, की मिश्र कापड त्यातील सर्वांत नाजूक धाग्याच्या बेताने सांभाळावे. संयुक्त गोळीचाही नियम हाच आहे. तिच्यातील सर्वांत जोखमीचा घटक कोणता हे ओळखून तिचे पथ्य पाळावे. चाळीस वर्षे किनारी वाचणाऱ्या मी माझ्या गोळीची किनार मात्र कधी वाचली नव्हती.

आता हे धागे एकेक करून पाहू.

मेटफॉर्मिन हा बहुतेक संयुक्त गोळ्यांचा ताणा. फ्रान्समधील डॉ. ज्याँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये मधुमेहावरील त्याच्या उपयोगाचा अनुभव प्रसिद्ध केला. ते यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते. एकटे घेतल्यास साखर धोकादायकरीत्या सहसा उतरत नाही. ते जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर घ्यावे, म्हणजे मळमळ आणि जुलाब यांचा त्रास कमी होतो.

ग्लिमेपिराइड हा सल्फोनिलयुरिया गटातील घटक. या गटाचा शोधच एका अपघातातून लागला. सन १९४२ मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथे विषमज्वराच्या रुग्णांना एक सल्फा औषध दिले असता त्यांची साखर एकाएकी घसरू लागली. ते औषध स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडावयास लावते, असे पुढे सिद्ध झाले. ग्लिमेपिराइड तेच करते. आपण जेवलो आहोत की उपाशी आहोत, याची विचारपूस ते करीत नाही. त्याचा अंमल सुमारे चोवीस तास टिकू शकतो. वय झालेल्या किंवा मूत्रपिंड अशक्त असलेल्या रुग्णांत त्याहूनही अधिक. माझ्या गोळीतील नाजूक धागा हाच होता. उपाशीपोटी तो घेणे म्हणजे रिकाम्या तिजोरीवर धनादेश काढणे होय.

व्होग्लिबोज आतड्यांत पिष्ट पदार्थांचे आणि आपल्या नेहमीच्या साखरेचे विघटन मंद करते. म्हणूनच मला दिलेले साखरेचे पाणी रक्तात वेळेवर पोहोचले नाही. ग्लुकोजला विघटनाची गरज नसते, ते थेट शोषले जाते. ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे, त्यांनी घरात आणि खिशात ग्लुकोजच ठेवावे.

अलीकडे डापाग्लिफ्लोझिनसारखे घटक असलेल्या संयुक्त गोळ्याही आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जातात. २०२० मध्ये भारतात डापाग्लिफ्लोझिनचे स्वामित्व हक्क संपल्यावर त्या स्वस्त झाल्या. हे औषध लघवीवाटे साखर बाहेर टाकते. हृदय आणि मूत्रपिंड यांना त्याचा लाभही होतो. परंतु साखरेबरोबर पाणीही जाते. चौविहार उपवासात, जेथे पाणीही वर्ज्य, तेथे शरीर शुष्क होण्याचा आणि रक्तात आम्ल साचण्याचा धोका संभवतो. साखरेचा आकडा फार चढलेला नसतानाही हे घडू शकते, हे लक्षात ठेवावे.

संयुक्त गोळी वाईट, असे मी मुळीच म्हणत नाही. तीन गोळ्यांऐवजी एक घेणे सोपे, विसरही कमी पडतो आणि अनेकदा खर्चही वाचतो. मात्र विणलेल्या कापडातून एकच धागा उपसून काढता येत नाही. उपवासाच्या दिवशी ग्लिमेपिराइड नको आणि मेटफॉर्मिन हवे, असे डॉक्टरांनी ठरविले तरी संयुक्त गोळीत ते साधत नाही. मग आपल्यातील काही जण स्वतःच्या बुद्धीने गोळी अर्धी मोडतात. नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ लिहिलेली गोळी औषध सावकाश सोडण्यासाठी बनविलेली असते. ती मोडू, चावू वा कुटू नये. मोडल्यास औषध एकदम सुटते.

दुसरी सावधगिरी आकड्यांची. ग्लिमेपिराइडच्या संयुक्त गोळ्यांत नावापुढील १ किंवा २ हा आकडा बहुधा ग्लिमेपिराइडचे मिलिग्रॅम सांगतो, आणि ‘फोर्ट’ हा शब्द बहुधा मेटफॉर्मिनची वाढीव मात्रा. खरेदी करताना एका आकड्याची गफलत झाली तर मात्रा दुप्पट होते. मीटरभर कापड मोजताना आपण तीनदा पाहतो. औषधाचे पाकीट एकदा तरी जुन्या पाकिटाशी ताडून पाहावे.

तिसरी सावधगिरी दुहेरी औषधांची. आमच्याच घरातील एक वयोवृद्ध वहिनी मुलाकडे पुण्यास गेल्या असता तेथील डॉक्टरांनी नवी गोळी दिली. परत आल्यावर त्यांनी जुनी आणि नवी दोन्ही चालू ठेवल्या. पाकिटांवरील नावे वेगळी, परंतु आतील औषधे तीच! वेळीच लक्षात आले म्हणून अनर्थ टळला. पेढीचे नाव बदलले तरी माल तोच असू शकतो, हे व्यापाऱ्याला सांगावयास नको.

शासनानेही संयुक्त औषधांकडे चिकित्सक दृष्टीने पाहिले आहे. केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये ३४४ आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ संयुक्त औषधांवर बंदीचे आदेश काढले, आणि त्यांत मधुमेहाच्या काही गोळ्याही होत्या. तेव्हा शेजाऱ्याला लागू पडली म्हणून त्याची गोळी आपण आणणे किंवा जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे तेच औषध घेत राहणे, दोन्ही टाळावे.

आता आपल्या आचाराकडे वळतो. डॉक्टर ‘रात्रीच्या जेवणापूर्वी’ असे लिहितात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर रात्री नऊची वेळ असते. आपले भोजन सूर्यास्तापूर्वी होते आणि त्यानंतर नवकारशीपर्यंत पोट रिकामे राहते. हिवाळ्यात हे अंतर तेरा-चौदा तासांवर जाते. आपले हे घड्याळ डॉक्टरांना सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसे? माझ्या प्रसंगातही डॉक्टरांची चूक नव्हती. मी उपवासाविषयी त्यांना अवाक्षर बोललो नव्हतो. म्हणून पर्युषण, आयंबिलाची ओळी किंवा वर्षीतप यांच्या काही आठवडे आधी डॉक्टरांकडे जावे. एकासणे, बियासणे, आयंबिल, तिविहार आणि चौविहार यांत काय चालते आणि काय नाही, हे त्यांना नीट समजावून सांगावे आणि कोणत्या दिवशी कोणती गोळी घ्यावी हे लिहून घ्यावे. स्वतःच्या मनाने गोळी घेणे जितके घातक, तितकेच स्वतःच्या मनाने ती बंद करणेही.

साखर उतरल्याची लक्षणे घरातील प्रत्येकाने पाठ करावीत : घाम, कंप, छातीत धडधड, तीव्र भूक, चिडचिड, बोलण्यात अडखळणे. शक्य असल्यास लगेच साखर तपासावी. आकडा ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा वर आला नसेल तर पुन्हा द्यावे. पेढा किंवा बर्फी देऊ नये; तुपामुळे साखर पोहोचण्यास विलंब होतो. सावरल्यावर काही खावयास द्यावे आणि डॉक्टरांना कळवावे, कारण ग्लिमेपिराइडचा अंमल टिकून असल्याने साखर पुन्हा घसरू शकते. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तत्काळ रुग्णालयात न्यावे.

आणखी दोन गोष्टी आपणा शाकाहारी मंडळींसाठी. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेतल्याने शरीरातील बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि शाकाहारात ते मुळातच कमी मिळते. पायांना मुंग्या येतात, तेव्हा आपण मधुमेहालाच दोष देतो. कारण कदाचित ही उणीव असेल. तिची तपासणी डॉक्टरांना विचारून करावी. तसेच वर्षातून एकदा तरी मूत्रपिंडाची तपासणी करावी, कारण त्यांचे कार्य फार मंदावल्यास मेटफॉर्मिन थांबवावे लागते. उलट्या-जुलाब होत असतील किंवा रंगद्रव्य टोचून स्कॅन करावयाचे असेल, तरीही गोळीविषयी आधी विचारावे.

माझ्या डॉक्टरांनी त्यानंतर माझी संयुक्त गोळी बदलून घटक सुटे करून दिले आणि पूर्ण उपवास न करण्याचा सल्ला दिला. पहिल्या वर्षी मन फार खंतावले. सर्व समाज उपवासात आणि आपण जेवणार! परंतु आपल्या शास्त्रांत तप बारा प्रकारचे सांगितले आहे आणि अनशन हा त्यांतील केवळ एक प्रकार होय. भुकेपेक्षा कमी खाण्याची उणोदरी आहे, रसपरित्याग आहे. स्वाध्याय, विनय आणि वैयावृत्य ही तर आभ्यंतर तपे आहेत. आता संवत्सरीला मी डॉक्टरांनी आखून दिलेल्या वेळी मोजके भोजन घेतो आणि उरलेला दिवस तपस्वींच्या सेवेत घालवितो. पुण्याच्या वहीत काही उणे पडले, असे मला वाटत नाही.

शेवटी विश्वस्त मंडळाला एक नम्र विनंती. या सुवर्णमहोत्सवी वर्षात स्थानकात एक छोटी पेटी ठेवावी. तिच्यात साखर तपासण्याचे यंत्र आणि ग्लुकोजची पुडी असावी. ते वापरता येणारे दोन-चार तरुण पर्युषणात हजर असावेत. खर्च अल्प आहे आणि पहिल्या पेटीचा लाभ मला द्यावा, ही माझी भावना आहे. आणि आपणा सर्वांना विनंती, की आज घरी गेल्यावर गोळ्यांचे पाकीट उजेडात धरावे. अक्षरे बारीक आहेत, मजकूर इंग्रजीत आहे. नातवाला हाक मारून तो वाचून घ्यावा, घटकांची नावे एका कागदावर लिहून खिशात ठेवावीत. त्या दिवशी तो तरुण मागील रांगेत नसता, तर आज हे भाषण करावयास मी उभा नसतो.

बोलण्यात काही न्यूनाधिक झाले असल्यास अंतःकरणपूर्वक मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!