गोड्या पाण्यावरचे सारंग

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘माझी वाटचाल’. दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी, दोन वर्षं परदेश, परत पुणे. झाली सांगून. इथल्या निम्म्या लोकांची हीच वाटचाल आहे, त्यामुळे उरलेल्या वेळात मी एका वेगळ्याच माणसाबद्दल बोलणार आहे. ते आपल्या शाळेत शिकले नाहीत. खरं तर चौथीच्या पुढे ते कुठल्याच शाळेत गेले नाहीत. पण ‘ब’ तुकडीतल्या आपल्या एका मैत्रिणीचे ते वडील. ती आज इथेच बसली आहे. बोलायला तिने परवानगी दिली, पण नाव घेऊ नकोस म्हणाली. म्हणून मी त्यांना आबाच म्हणते, घरात सगळे म्हणतात तसं.

बाईंना आठवत असेल, पालकसभेला एक गृहस्थ पैठणहून पहिल्या एसटीने यायचे आणि जाताना ओल्या पोत्यात गुंडाळलेला एक रोहू शिपाईमामांकडे ‘बाईंसाठी’ ठेवून जायचे. बाई शुद्ध शाकाहारी. तीन वर्षं तो रोहू नेमका कुणी खाल्ला, हे शिपाईमामांनाच ठाऊक.

आबा जातीने भोई. आपल्याकडे भोई, कहार ही मंडळी पिढ्यान् पिढ्या गोदावरीच्या आधाराने जगली. पूर्वी पालख्या आणि मेणे वाहायचे, नदीतून माणसं पार करायची, मासे धरायचे आणि उन्हाळ्यात पात्र उघडं पडलं की वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या करायच्या. आबांचे वडील नाव चालवायचे. बांबू तळाला टेकवायचा आणि रेटायचा. भाडं रोजचं नसे, सुगीला धान्य मिळे. ते गाव आता नाही. म्हणजे आहे, पण नाथसागराच्या तळाशी.

जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं. दहा किलोमीटरच्या आसपास लांबीची भिंत, २७ दरवाजे, आणि भरल्यावर साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरात पाणी. पैठण, गंगापूर, नेवासा, शेवगाव या तालुक्यांतली शंभराहून जास्त गावं त्यात गेली. आपण सहलीला ज्ञानेश्वर उद्यानात गेलो, कारंजी बघितली, धरणाच्या भिंतीवर रांगेत फोटो काढला. आपल्यातली एक मुलगी त्या पाण्याकडे बघत काय विचार करत असेल, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. वयच ते.

ज्यांची जमीन गेली त्यांना मोबदला मिळाला. पुरेसा की अपुरा, हा वेगळा वाद. पण आबांच्या वडिलांकडे सातबारा नव्हता. नदीच्या पाण्याचा सातबारा नसतो आणि वाळूतल्या वाडीचाही नसतो. घराच्या चार भिंतींचे काय ते पैसे आले. पंचविशीतले आबा नव्या गावठाणात आले, तेव्हा त्यांच्याकडे एक जाळं होतं आणि समोर समुद्रासारखं पाणी.

आता ज्यांना वाटतं की नदीवरच्या माणसाला तलाव जड नाही, त्यांच्यासाठी सांगते. नदीला ओढ असते, पाणी कुठे चाललंय ते कळतं. धरणाच्या पाण्याला ओढ नाही, वारा नेईल तिकडे ते जातं. बांबू तळाला लागत नाही. नाथसागराची लांबी पन्नास किलोमीटरच्या वर आहे. मोकळ्या पाण्यावरून वारा जितका लांब वाहत येतो तितकी लाट मोठी होते, हे फिजिक्स आपल्याला सरांनी शिकवलंच होतं. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा धरणाच्या पूर्ण लांबीवरून पैठणकडे येतो. आबांनी हे पुस्तकात वाचलं नव्हतं. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांदेखत दोन होड्या उलटल्या आणि त्यातून ते शिकले.

त्यांची दुसरी विद्या मात्र कुठल्याच पुस्तकात नाही. पाणी चढलं तेव्हा झाडं बरीचशी तशीच राहिली होती. नवीन माणसाने जाळं टाकलं की ते खाली बुडालेल्या बाभळीत अडकून फाटायचं. आबांचं जाळं फाटत नसे, कारण कुणाच्या बांधावर कुठली बाभूळ होती हे त्यांना पाठ होतं. काठावरच्या दोन टेकड्या आणि एक देऊळ नजरेने जुळवून ते सांगायचे, ‘आता आपण पाटलाच्या मळ्यावर हाय. इथं टाकू नको, खाली ईहीर हाय.’ मोठा मासा पडक्या भिंतींच्या आडोशाला राहतो, असं ते म्हणतात. म्हणजे ज्या वाड्यासमोर त्यांच्या वडिलांना वाकून उभं राहावं लागे, त्याच वाड्याच्या ढिगाऱ्यातून आबांनी आपल्या मैत्रिणीच्या शाळेची फी काढली. हे सांगताना ते हसतात. मला मात्र दर वेळी हसू येतंच असं नाही.

मग आली लाँच. धरणाने रस्ते गिळले होते. समोरचा काठ डोळ्यांना दिसे, तिथे सोयरे राहत, पण गाडीने जायचं तर मोठा वळसा. आबांनी तिघांच्या भागीत एक मोठी नाव घेतली, तिला विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन बसवलं आणि माणसं, शेळ्या, दुधाचे कॅन, एकदा तर अख्खं वऱ्हाड वाहून नेलं. देशांतर्गत पाण्यावरच्या जहाजांचा आपला कायदा थेट १९१७ चा होता, तो बदलून २०२१ मध्ये नवा आला. त्या जुन्या कायद्यात नाव चालवणाऱ्या प्रमुखाला ‘सारंग’ हा शब्द आहे. समुद्रावर कॅप्टन, गोड्या पाण्यावर सारंग. आबांना मी हे सांगितलं तर म्हणाले, ‘कागद कोन बघतंय पोरी, लोक मला डायव्हर म्हनायचे.’

या ‘डायव्हर’चा एक नियम होता: वैशाख-ज्येष्ठात दुपारचे दोन वाजले की नाव हलणार नाही. कुणी दुप्पट भाडं देवो, कुणी पुढाऱ्याचं नाव सांगो. त्या दिवसांत वळवाचं वादळ दुपारनंतरच उठतं. या नियमापायी त्यांनी गिऱ्हाईकं घालवली, भागीदारही घालवला. मे २०२४ मध्ये उजनी धरणात कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळात बोट उलटून सहा जण गेले. मी आबांना फोन केला, तर त्यांनी एवढंच विचारलं, ‘किती वाजता निघाले व्हते?’

ऑगस्ट २००६ तुम्हाला आठवत असेल. जायकवाडीतून अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं आणि पैठण शहरात पूर शिरला. धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या होड्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून भोई-कहारांची पोरं खालच्या अंगाला, शहरात घेऊन गेली आणि माणसं काढत राहिली. आबा तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. याची आठवण काढली की ते विषय बदलतात आणि एका म्हातारीने कोंबड्या सोडून यायला कसा नकार दिला, तेवढंच सांगतात.

मासेमारीचा हिशेब मी इंजिनिअर म्हणून मांडायला बसले आणि हरले. शासनाचा परवाना, संस्थेचं सभासदत्व, व्यापाऱ्याची उचल. जाळ्याला आणि डिझेलला पैसे व्यापारी आधी देतो, मग भावही तोच ठरवतो. त्यात पाण्याची पातळी. आपण शहरातले लोक जायकवाडी किती टक्के भरलं एवढंच बघतो. आबा फुटात बोलतात, पूर्ण भरलं म्हणजे १५२२ फूट. आणि दुष्काळात काय होतं? साठा मृतसाठ्यावर आला की आपण टँकर मोजतो, पण मासा आकसलेल्या पाण्यात कोंडला जातो आणि जाळी भरून निघतात. ‘तुमचं रडायचं वरीस ते आमचं खायचं वरीस,’ आबा म्हणाले, आणि लगेच पुढे, ‘अन् त्याच्या फुडची दोन वरसं उपाशी.’ कारण कोंडलेल्या पाण्यात अंडी घालणारा मासाही निघून जातो आणि बारीक आसाच्या जाळ्यांत बोटभर पिल्लंही.

त्यांचं राजकारण इथून सुरू झालं. ७३ वी घटनादुरुस्ती झाली, ग्रामपंचायतीत नागरिकांच्या मागास प्रवर्गाला जागा राखीव झाल्या. आपण कॉलेजात होतो तेव्हा आबा निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. पुढच्या वेळी निवडून आले. सदस्य म्हणून त्यांनी काठावर दिवे आणले, मासळी ठेवायला शेड बांधून घेतली. यावर कुणाचं भांडण नव्हतं. भांडण झालं ते बारीक आसाच्या जाळ्यावरून. आबांनी ग्रामसभेत ठराव मांडला की अशी जाळी काठावर दिसली तर जप्त करायची. ती जाळी वापरणारे कोण? त्यांचीच भावकी, त्यांचेच मतदार, आणि त्यातलेही सगळ्यांत गरीब, ज्यांना होडी परवडत नाही, जे थर्माकोलच्या तुकड्यांवर ताडपत्री बांधून तराफा करतात आणि हातांनी पाणी मारत जातात. ठराव पास झाला, चार जाळी जप्त झाली, त्यांतलं एक सख्ख्या पुतण्याचं होतं. पुढच्या निवडणुकीत आबा आपटले ते पुन्हा उभे राहिले नाहीत. पुतण्या अजून बोलत नाही.

मी त्यांना एकदा विचारलं, ठराव चुकला का? ते म्हणाले, ‘ठराव बरोबर व्हता. पन त्याला मोठ्या आसाचं जाळं कोन घेऊन देनार, ते मी ठरावात लिवलं न्हाई.’ मी रोज मीटिंगांमध्ये बसते. एवढा नेमका रिव्ह्यू मी क्वचित ऐकला आहे.

आता नवा प्रश्न आला आहे, तो आपल्या सगळ्यांचा आहे म्हणून सांगते. नाथसागरावर तरंगता सौरऊर्जा प्रकल्प येऊ घातला आहे. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, २०१७ मध्ये त्याभोवतीचं संवेदनशील क्षेत्रही जाहीर झालं. कहार समाज पंच समितीने हरित लवादात दाद मागितली. लवादाने २०२४ मध्ये अर्ज फेटाळला, २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. कायद्याच्या अंगाने तो विषय तिथे संपला. मी स्वतः सौरऊर्जेच्या बाजूची आहे. माझ्या घराच्या छतावर पॅनेल आहेत. पण छत माझ्या नावावर आहे. पाण्याचा वरचा थर कुणाच्या नावावर? शेतीच्या पाण्याला कालवा आणि लाभक्षेत्र आहे, आपल्या पिण्याच्या पाण्याला फारोळ्यापर्यंत जलवाहिनी आहे, कारखान्यांना कोटा आहे. मासेमाराकडे दर वर्षी नवा करून घ्यायचा एक परवाना आहे, आणि कुठे जाळं टाकायचं हे डोक्यात आहे.

गेल्या दिवाळीत मी लॅपटॉपवर उपग्रहाचा नकाशा उघडून आबांसमोर ठेवला. म्हटलं, तुम्ही लोक कुठे जाळी टाकता ते दाखवा, मी खुणा करते. प्रकल्पवाल्यांशी बोलायचं तर हातात काहीतरी हवं. निळ्या पडद्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग काठावरचं एक देऊळ ओळखलं, तिथून बोट सरकवत सांगायला लागले. दोन तासांत एकेचाळीस खुणा झाल्या. त्यातल्या अकरा विहिरी आहेत. एका खुणेला मी नाव विचारलं तर म्हणाले, ‘आमचं घर.’

या खुणांचं काम अजून चालू आहे. संस्थेतली तरुण पोरं मोबाईलवरून भर घालतात. ज्यांना हे काम येतं त्यांनी आज जेवताना मला भेटा, दोन-तीन जण हवे आहेत. आणि मार्गशीर्षात पैठणला जायचं ठरतंय. सकाळी सहाला शाळेच्या फाटकापासून निघू. पाण्यावर जायचं ते लवकर, आणि दुपारच्या आत सगळे काठावर. मार्गशीर्षात वादळ नसतं हे मी आबांना सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही. लाइफ जॅकेट प्रत्येकाने घालायचं, सरांनीसुद्धा. आणि बाई, तुमच्यासाठी वांग्याचं भरीत सांगितलं आहे.