आतलं कोण बघतंय?

बायांनो, हातात निवडायला भाजी असली तरी चालेल, पण कान इकडं द्या. आज आम्ही परकराबद्दल बोलणार आहोत. हसू नका, आधी ऐका.

आमच्या गटात एकदा बोलता बोलता विषय निघाला. जवळजवळ प्रत्येकीच्या कमरेला नाडीचा काळा वळ निघाला. उन्हाळ्यात तिथं खाज येते, घामानं चुरचुरतं. आम्ही म्हणायचो, सगळ्यांनाच असतो, त्यात काय एवढं. नाडी मात्र करकचून बांधायची. डोक्यावर उसाची मोळी असताना निरी सुटली तर काय करायचं, ही भीती!

पण २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन बायांची हकीगत वैद्यकीय मासिकात छापली. एक सत्तर वर्षांची होती. घट्ट नाडीच्या जागी तिला जखम झाली, ती दीड वर्ष भरलीच नाही. दुसरी साठीच्या पुढची. ती परकर न घालता लुगडं नेसायची, तेही चाळीस वर्षं कमरेला आवळून. दोघींच्याही जखमेत कॅन्सर निघाला. पूर्वी याला साडीचा कॅन्सर म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, दोष साडीचा नाही, कमरेला रोज काचणाऱ्या घट्ट बांधणीचा आहे.

घाबरू नका. असं फार क्वचित होतं. काळा वळ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पाणी सुटणं, गाठ येणं, असं काही दिसलं तर हळद लावून झाकू नका. सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

आता आपल्या आज्यांची चोळी आठवा. बटण नाही, हूक नाही, पुढं नुसती गाठ. बाई बाळंतपणात भरली तर गाठ सैल, वाळली तर घट्ट. काखेत वेगळा तुकडा घातलेला, म्हणून हात वर करून फळीवरचा डबा काढला तरी चोळी ताणायची नाही. म्हणजे कपडा अंगाच्या कलानं चालायचा. नऊवारीच्या काष्ट्याला परकर लागत नव्हता. गोल सहावारी आली तसा परकर रोजचा झाला. आणि बाजारातला तयार परकर सगळ्यांना एकाच मापाचा! मग आपण तो नाडी ओढून अंगाला बसवतो.

म्हणून आम्ही घरी शिवायचं ठरवलं. माप असं घ्या. जेवल्यावर, मांडी घालून बसा आणि कमरेचं माप घ्या. उभ्यानं घेतलेलं माप खोटं बोलतं, कारण बसलं की पोट पसरतं. नाडीची लांबी या मापावर धरा आणि गाठीला एक हात जास्त ठेवा. मग उभं राहून बैठकीचं, म्हणजे सगळ्यात रुंद भागाचं माप घ्या. समजा ते ३८ इंच आलं. त्यात ४ इंच सैल धरा, झाले ४२. सहा कळ्यांचा परकर असेल तर प्रत्येक कळी वरच्या बाजूला ७ इंच, अधिक शिलाईला १ इंच, म्हणजे ८ इंच कापा. उंचीत नेफ्याला २ इंच आणि खालच्या दुमडीला १ इंच वाढवा. कापड सुतीच घ्या आणि कापायच्या आधी एकदा भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात परकर आखूड होतो.

बारीक गोल दोरी नको. इंचभर रुंद, मऊ सुती पट्टी नेफ्यात घाला, म्हणजे ती काचत नाही. घालून पाहताना नाडीखाली चार बोटं सहज गेली पाहिजेत. खुरपायला बसतो तसं बसा, वाका, घागर उचला. रात्री नाडी सोडल्यावर वळ उठलेला दिसला तर उद्या सैल बांधा. गाठही रोज एकाच जागी नको. 'अंगापेक्षा बोंगा मोठा' म्हणून लोक हसतात, पण परकराच्या बाबतीत बोंगा थोडा मोठाच बरा.

आता खरी अडचण सांगतो. आमच्यातल्या एकीनं दिवाळीला कापड घेतलं, ते पुढच्या दिवाळीपर्यंत पेटीत पडून होतं. शिवता येत नाही म्हणून नाही. आधी पोरीचा फ्रॉक, मग सासऱ्याचा सदरा, मग शेजारणीचा ब्लाऊज. स्वतःचं शेवटी. आणि त्यातही आतलं! आतलं कोण बघतंय?

मग आम्ही शनिवारची दुपार ठरवली. पहिल्या शनिवारी दार लावून फक्त मापं घेतली. दुसऱ्या शनिवारी जुन्या साडीवर कापून पाहिलं. चुकलं तर चुकलं, साडी जुनीच होती. तिसऱ्या शनिवारी खरं कापड कापलं आणि कळ्या जोडल्या. चौथ्या शनिवारी नेफा, नाडी आणि चहा. एकटीला कंटाळा येतो. चौघी वाट बघत असल्या की पाय आपोआप निघतो. मशीन एकच होतं, तरी अडलं नाही. एक शिवायची, बाकीच्या दुमडी हातानं घालायच्या. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचे दोन-दोन परकर आम्ही आधी पुरे केले, कारण पुढचे पाच-सहा महिने त्यांना सुई हातात धरायला सवड नसते.

बायांनो, आतलं कोणी बघत नाही, पण दिवसभर ते आपल्या अंगाला लागतं. आज रात्री नाडी सोडलीत की दिव्याजवळ आपली कंबर नीट बघा. आणि पेटीत पडलेलं ते कापड बाहेर काढून भिजत घाला. बाकीचं शनिवारी.