दोष फ्लॉपीचा कीं केबलचा?

पुणें-सातारा रस्त्यावर भोर तालुक्यांत कामथडी हें गांव आहे. तेथील एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या पावसाळ्यांत मीं एक जुना संगणक पाहिला. त्यांच्या वडिलांनीं निवृत्तीनंतर लिहिलेल्या आठवणी साडेतीन इंची सहा फ्लॉप्यांवर होत्या. कागदावर एकहि पान नव्हतें. पहिली फ्लॉपी घालतांच यादी उमटली. दुसरी घातली, तरी तीच यादी. तिसरीचीहि तीच. वडिलांनीं एकच मजकूर सहा वेळां उतरून ठेवला असावा असें मानून, ते दुसरीवर पहिलीची ताजी नक्कल करावयास निघाले होते. मीं त्यांचा हात धरला.

संगणक यादी एकदां वाचून स्मरणांत ठेवतो. फ्लॉपी बदलली ही वर्दी त्याला केबलच्या ३४ व्या तारेनें मिळते. १९८१ च्या आय.बी.एम. पीसींत ही सोय नव्हती. १९८४ च्या एटी यंत्रापासून संगणक तिजवर विसंबूं लागला. ती तार तुटली तर त्याच्या लेखीं फ्लॉपी जुनीच राहते. मग जुनी यादी दिसते, इतकेंच नव्हे. तो जुन्या फ्लॉपीवरील रिकाम्या जागा ध्यानांत ठेवून नव्या फ्लॉपीवर लिहूं लागतो, आणि तेथें असलेला मजकूर कायमचा जातो.

ही ३४ वी तार तुटण्याचें कारण साधें आहे. केबलच्या एका कडेस लाल रेघ असते, ती पहिली तार. दुसऱ्या कडेची ती चौतिसावी. केबल काढतांना टोकाचा कनेक्टर न धरतां पट्टीच ओढली, कीं ताण कडेच्या तारेवर येतो. शिवाय भोरकडील पावसांत पिना काळवंडतात, तें वेगळेंच.

परीक्षा करतांना यंत्र बंद करावें, विजेची दोरी काढावी आणि केबल दोन्हीं टोकांनीं सोडवावी. मल्टिमीटर ३४ व्या तारेच्या दोन्हीं टोकांस लावून पट्टी हळूहळू वांकवावी. कांटा मधूनच पडला तर तार आंतून तुटलेली आहे. विषम क्रमांकांच्या तारा सामान्यतः ग्राउंडच्या असतात. म्हणून ३३ व ३४ एकमेकींस लागलेल्या नाहींत ना, हेंहि पाहावें. ज्या केबलींत १० ते १६ या तारांना पीळ असतो, तो चूक समजून सरळ करूं नये. त्या पिळामुळेंच पहिला व दुसरा ड्राइव्ह ओळखतां येतो. आमच्या एका विद्वान् मित्रानें तो कात्रीनें कापून 'सुधारला' होता!

केबल जोडल्यावर ड्राइव्हचा दिवा सतत जळत राहिला, तर ती बहुधा उलटी बसली आहे. अशा वेळीं फ्लॉपी मुळींच घालूं नये. सूचनांच्या तारा ग्राउंडशीं भिडल्यामुळें लिहिण्याचीहि आज्ञा झाली असें ड्राइव्ह समजूं शकतो.

कामथडीस आम्हीं प्रथम सहाहि फ्लॉप्यांच्या कोपऱ्यांतील खिडक्या उघड्या केल्या, म्हणजे त्यांवर कांहीं लिहिलें जाणार नाहीं. मग केबल बदलली. दुसरीची यादी निराळी निघाली, तिसरीचीहि निराळी. पांच फ्लॉप्या त्याच दिवशीं उतरून घेतल्या. सहावीचा कांहीं भाग अद्याप वाचतां आलेला नाहीं. पण तिजवर बुरशी चढली आहे, आणि तिथें केबलचा दोष नाहीं.